घाटाचा चढ कोणी ठरवला?

काशीच्या किंवा कोलकात्याच्या वाचकाला ‘घाट’ म्हटले की नदीच्या पायऱ्या आठवतात. मराठी माणसालाही त्या पायऱ्या परक्या नाहीत. पंढरपूर, नाशिक, वाई इथे त्या आहेतच. तरीही एखादा पुणेकर ‘घाट लागला’ म्हणतो तेव्हा नदी त्याच्या मनात नसते. गाडीचा आवाज बदललेला असतो, कान दडे बसल्यासारखे होतात आणि रस्ता वळणे घेऊ लागतो. दोन्ही अर्थांच्या मुळाशी गोष्ट एकच आहे. जिथे जमीन एकदम खाली उतरते तिथे माणसाला चढता-उतरता येईल अशी केलेली सोय म्हणजे घाट. युरोपीय नकाशाकारांनी या सोयीचेच नाव अख्ख्या डोंगररांगेला दिले आणि सह्याद्रीचा ‘पश्चिम घाट’ झाला. रस्त्याचे नाव डोंगराला मिळाल्याची अशी उदाहरणे फार नसतील.

पुण्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांत गिअरच्या सायकली वाढल्या, तशी रविवारी पहाटे घाट चढणाऱ्यांची संख्याही वाढली. सिंहगड, कात्रज, दिवे घाट, बोपदेव, खंबाटकी, ताम्हिणी ही नावे त्यांच्या बोलण्यात घरच्या माणसांसारखी येतात. काही महिन्यांत हे सगळे चढ पायांना पाठ होतात. मग घराजवळ, दोन-तीन तासांत परत येता येईल अशा अंतरावर, कोणी न चढलेला चढ शोधण्याचा नाद लागतो. नकाशा पाहिला जातो, गुराख्याला विचारले जाते, डांबर संपेल तिथपर्यंत जाऊन पाहिले जाते. चढ सापडला की ‘नवा रूट’ मिळाल्याचा आनंद होतो.

हा आनंद खोटा नाही. पण तो रस्ता नवा नसतो. कोणाला तरी काहीतरी वर चढवायचे होते म्हणून डोंगराच्या अंगावर तो कोरला गेला. ते ओझे बैलाच्या पाठीवर होते, की तोफेच्या गाड्यावर, की आगगाडीच्या डब्यात, यावर त्याचा चढ ठरला. घाटात सायकल चालवणाऱ्याच्या पायांना हा इतिहास आधी कळतो आणि वाचून तो नंतर समजतो.

उंची तीच, वाट वेगळी

पाचशे मीटर उंची गाठायची असेल तर कोणत्याही वाटेने गेले तरी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करायचे काम तेवढेच राहते. सायकलसह ८० किलो वजन पाचशे मीटर वर न्यायला सुमारे ३९० किलोज्यूल लागतात. स्नायूंची कार्यक्षमता जेमतेम पाव असल्यामुळे शरीर त्यासाठी चारशेच्या आसपास कॅलरी खर्च करते. फरक पडतो तो हे काम किती वेगाने करावे लागते यात. ५ टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटर चालल्यावर पाच मीटर वर नेणाऱ्या रस्त्यावर, ताशी ८ किलोमीटरने जायला नुसत्या चढासाठी ९० वॅटच्या आसपास शक्ती लागते. चढ १० टक्के झाला की तोच वेग राखायला ती दुप्पट होते. पहिले काम धडधाकट माणूस तासभर करू शकतो. दुसरे करताना बहुतेकांचा दम काही मिनिटांत तुटतो.

बैलाचे आणि इंजिनाचेही असेच आहे. म्हणून सह्याद्रीतल्या वाटांची नावे बहुधा चढण्याच्या सोयीवरून पडली. ‘शिडी’ किंवा ‘निसणी’ म्हटले की हात लावून चढायचे. ‘नाळ’ म्हणजे दोन कड्यांमधली दगडगोट्यांची तीव्र घळ. ‘घाट’ म्हटला की ओझ्याचे जनावर जाईल अशी अपेक्षा, आणि ‘गाडीवाट’ म्हटली की बैलगाडी. भीमाशंकरला कोकणातून, खांडस गावाकडून, आजही दोन वाटा चढतात. शिडी घाट जवळचा आणि अवघड आहे, तर गणेश घाट लांबचा आणि सोपा. डोंगर एक, देवळाची उंची एक. वेळ वाचवायचा की दम, एवढाच प्रश्न आहे, आणि तो घाट बांधणाऱ्या प्रत्येक राजवटीला पडलेला आहे.

सायकलनेही या प्रश्नाचे उत्तर उशिराच शोधले. आपल्याकडे दूधवाल्याची, पोस्टमनची आणि शाळेच्या मास्तरांची जी काळी सायकल होती, तिच्या पायडलचा एक फेरा चाकाला सुमारे पाच मीटर पुढे नेई. सपाटीवर ते ठीक होते. घाटात मात्र उतरून, हँडल धरून, ती ढकलत नेणे हीच रीत होती. फ्रान्समध्ये सेंत-एत्येन गावचा पॉल द व्हिव्ही ‘वेलोसियो’ या नावाने लिहीत असे. गावाजवळच्याच एका खिंडीत सायकलींची परीक्षा घेऊन त्याने बदलत्या गिअरचा पुरस्कार केला. तरी तूर द फ्रान्सच्या स्पर्धकांना गिअर बदलण्याची यंत्रणा वापरायची मुभा १९३७ साली मिळाली. गिअर वापरणे हा दुबळेपणा आहे, असा समज तोवर होता. सह्याद्रीतल्या बैलाला कोणी असे म्हटले नाही; त्याच्यासाठी वळणे वाढवली गेली.

नाणेघाट : वाट आणि वसुली

जुन्नरजवळचा नाणेघाट हा या इतिहासातला सर्वात जुना लेखी पुरावा. कोकणातल्या कल्याणसारख्या बंदरांकडून देशावरच्या जुन्नरला येणारी ही वाट इसवी सनापूर्वी वापरात होती. घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेली दक्षिणा यांची मोजदाद त्यात आहे, आणि भारतीय अंकांच्या इतिहासात त्यातल्या आकड्यांना मोठे स्थान आहे. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असे परंपरा सांगते.

इथे सायकल चढत नाही. दगडी पायऱ्यांची ही वाट माणसासाठी आणि पाठीवर गोण घेतलेल्या जनावरासाठी आहे. पण घाट म्हणजे केवळ रस्ता नाही, तर राज्याला कर गोळा करायची अरुंद जागा आहे, हे नाणेघाट शिकवतो. सपाटीवर व्यापारी दहा वाटांनी जाऊ शकतो. खिंडीत त्याला एकाच फटीतून जावे लागते. म्हणून घाटाच्या डोक्यावर चौकी आली, चौकीच्या राखणीला किल्ला आला आणि हिशेबाला कारकून. पुण्यात आजही आढळणारे ‘घाटपांडे’ हे आडनाव त्याच हिशेबाची आठवण आहे.

अनोळखी वाट निवडण्याची किंमतही याच डोंगराने दाखवली आहे. १६६१च्या फेब्रुवारीत कारतलबखान लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या बाजूने कोकणात उतरला. शिवाजी महाराजांनी त्याला उंबरखिंडीत गाठले. सैन्य मोठे होते, पण वाट एका वेळी थोडीच माणसे जातील एवढी. खजिना आणि सामान टाकून त्याला माघारी जावे लागले. डोंगर ज्याच्या पायाखालचा, त्याच्या बाजूने लढाई लागली.

बोरघाट : एका भिंतीवर तीन रस्ते

घाटाचा चढ ओझ्यावरून ठरतो हे एकाच ठिकाणी पाहायचे असेल, तर खोपोली ते खंडाळा हा टापू पाहावा. कार्ले, भाजे ही लेणी या वाटेच्या माथ्यावरच आहेत, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही इथून वर्दळ होती. पेशवाईत माल जनावरांच्या पाठीवरून आणि प्रतिष्ठित माणसे पालखीतून जात. १८०४मध्ये जनरल वेलस्ली याने, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, तोफा नेता येतील इतपत इथला रस्ता करवून घेतला. पेशवाई गेल्यावर मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, १८३०मध्ये, बैलगाडी चढेल असा रस्ता खुला झाला. देशावरचा कापूस आणि धान्य चाकांवरून समुद्राकडे जाऊ लागले. त्याच साली बांधलेला दगडी पूल पुढे त्याच्यावरच्या जाहिरातीमुळे ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखला गेला. २०२०च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीमुळे वाहतूक थंडावलेली असताना तो सुरुंग लावून पाडण्यात आला.

मग आगगाडी आली. १८५६मध्ये लोहमार्ग खोपोलीला पोहोचला आणि १८५८मध्ये खंडाळ्याहून पुण्याला गाडी धावू लागली. मधला घाट मात्र राहिलेला होता. पाच वर्षे प्रवासी एका गाडीतून उतरून पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने घाट ओलांडत आणि दुसऱ्या गाडीत बसत. कारण बैल जो चढ घेतो तो इंजिन घेऊ शकत नाही. लोखंडाच्या रुळावर लोखंडाचे चाक घसरते. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने निवडलेल्या मार्गाचा सर्वात तीव्र चढ १ : ३७ ठेवला गेला, म्हणजे २.७ टक्के. साडेपाचशे मीटरपेक्षा थोडी अधिक उंची गाठायला मार्ग सुमारे २५ किलोमीटर लांबवावा लागला. पंचवीस बोगदे खोदले गेले आणि गाडीचे तोंड फिरवायला डोंगराच्या कडेवर उलट दिशेचे स्थानक बांधले. वाहनांच्या घाटरस्त्याशी तुलना केली तर हा चढ सायकलवाल्याला खेळ वाटेल. पण तो मिळवायला लागलेली माणसे मोजली की खेळ संपतो. कामाच्या भरात इथे एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर होते आणि पटकीच्या साथींनी त्यांतले हजारो गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट आपल्याकडे घेतले आणि काम चालू ठेवले. १८६३मध्ये मार्ग सुरू झाला. बर्कली त्याआधीच वारला होता.

दप्तराने माल्कम, बर्कली, ट्रेडवेल ही नावे जपली. लोकस्मृतीने एक वेगळे नाव जपले. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. गोष्ट अशी सांगतात, की गोऱ्या साहेबांना डोंगरातून मार्ग सापडेना. शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या मेंढरांची वाट दाखवली. बक्षीस विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याला गोळी घातली गेली. आजही ट्रकचालक जाता जाता तिथे नाणे टाकतात. ही कथा दप्तराची नाही. पण तिच्यातली एक गोष्ट कोणत्याही सर्वेक्षकाला पटेल : मेंढरू थकू नये म्हणून धनगर डोंगराला तिरका जातो आणि तिरके जाणे हीच घाट बांधण्याची पहिली विद्या आहे.

मुंबई-पुणे सायकल शर्यत याच घाटातून जाते. घाट सर्वात आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. २००२मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि त्यावर सायकलीला, दुचाकीला, पादचाऱ्याला मनाई झाली. सायकलवाल्यासाठी उरला तो जुना रस्ता. बैलगाडीसाठी आखलेली वाटच आज मानवी पायांना परवडते, यात नवल नाही. दोघांचा दम जवळपास सारखा आहे.

दिवे आणि बोपदेव

पुण्याच्या आग्नेयेला सासवडचे पठार शहरापेक्षा सुमारे दोनशे मीटर उंच आहे. तिथे चढायला मुख्य वाटा दोन आहेत. हडपसरकडून जाणारा दिवे घाट लांब आणि मोकळा आहे. कोंढव्याकडून जाणारा बोपदेव घाट आखूड आणि खडा आहे. दोन्ही वाटांनी सासवडला जाऊन आलेल्याला हा फरक मांडीत जाणवतो. एकाच पठारावर जाणाऱ्या दोन वाटांचा स्वभाव इतका वेगळा का, याचे उत्तर त्यांच्यावरून काय गेले यात आहे.

दिवे घाटाच्या पायथ्याशी वडकीजवळ मस्तानी तलाव आहे. माथ्याजवळ मल्हारगड. पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख पानसे यांनी १७५७ ते १७६०च्या सुमारास तो बांधला. मराठ्यांनी बांधलेल्या शेवटच्या किल्ल्यांत त्याची गणना होते आणि या घाटावर नजर ठेवणे हे त्याचे काम होते. तोफांचा माणूस घाटाच्या डोक्यावर किल्ला बांधतो, तेव्हा ती वाट राज्याच्या रोजच्या व्यवहाराची आहे हे उघड होते.

पण या घाटाची आजची ओळख वारीमुळे आहे. आषाढीला ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला याच घाटाने जाते. ही मजल लांब आहे आणि दिवसाच्या शेवटी चढ येतो. रथाला नेहमीची बैलजोडी पुरत नाही, जादा जोड्या जुंपाव्या लागतात. त्या दिवशी वळणावळणाने वर जाणारी माणसांची रांग खालून पाहिली, की घाटाचा रस्ता असा का आखला हे वेगळे सांगावे लागत नाही. तुकोबांची पालखी त्याच दिवशी पुण्याहून निघून लोणी काळभोरच्या सपाट वाटेने जाते. दोन संत, एक पंढरपूर, आणि त्या दिवशीचा चढ फक्त एकीच्या वाट्याला.

बोपदेव घाटाला असा लोंढा मिळाला नाही. तो स्थानिक राहिला : भाजी, दूध, शेतावरची ये-जा. म्हणून त्याचा खडेपणा फारसा कोणी सौम्य केला नाही, आणि म्हणूनच तो सायकलवाल्यांना प्रिय झाला. दुर्लक्षामुळे टिकलेला चढ हाच बहुतेक वेळा ‘नवा’ म्हणून सापडतो.

दुष्काळाची खडी

इथवर राजे, गव्हर्नर आणि संत आले. पण घराजवळचा नवा चढ शोधणारा माणूस प्रत्यक्षात जिथे पोहोचतो तो रस्ता बहुधा यांच्यापैकी कोणाचाच नसतो. मुख्य रस्ता सोडून, गाव ओलांडून, पाझर तलावाच्या बांधावरून एका वाडीपर्यंत चढणारा तो अरुंद रस्ता असतो. तो कोणी केला?

बऱ्याचदा दुष्काळाने. १८७६-७८च्या दुष्काळात पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत सरकारने दुष्काळी कामे काढली, त्यांत रस्ते, तलाव, कालवे होते. १८७७च्या जानेवारीत रिचर्ड टेंपल याने मजुराची मजुरी दिवसाला जेमतेम एक पौंड धान्याच्या हिशेबाने ठरवली. मुंबई इलाख्यात मजुरांनी या मजुरीवर कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. उपाशी माणसांनी काम थांबवून हक्क मागावा, ही त्या काळातली लहान गोष्ट नव्हती.

मग १९७२. महाराष्ट्रातल्या कोणत्याही खेड्यात साठी ओलांडलेल्या माणसाला ‘बहात्तरचा दुष्काळ’ एवढेच म्हणावे, पुढचे तो सांगतो. लाल मिलो, सुकडी आणि खडी. १९७३च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. त्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. हातोडीने खडी फोडायची, पाटीत भरायची, डोक्यावरून वाहायची, पसरायची; हजेरीपटावर अंगठा द्यायचा. वि. स. पागे यांच्या आग्रहातून निघालेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर उभी राहिली. १९७७मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे ही सरकारची जबाबदारी ठरली. पुढे २००५च्या केंद्रीय कायद्याने हे तत्त्व देशभर नेले.

या कामांतून झालेले कितीतरी रस्ते वर्षानुवर्षे मातीचे राहिले. डिसेंबर २०००मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. सपाटीवर पाचशे आणि डोंगराळ भागात अडीचशे वस्तीच्या गावांना बारमाही रस्ता देण्याचे उद्दिष्ट ठरले, आणि जुन्या मातीच्या रस्त्यांवर डांबर चढू लागले. मावळ, मुळशी, भोर, वेल्हे या तालुक्यांत सायकलवाल्यांना ‘अचानक’ सापडलेल्या गुळगुळीत चढांमागे हा हिशेब आहे. हमरस्त्याला ५-६ टक्क्यांच्या चढाचा नियम पाळावा लागतो. वाडीच्या रस्त्याला जमीन कमी, पैसा कमी, म्हणून तो सरळ टेकडीवर जातो. बारा-पंधरा टक्क्यांचा तो टप्पा, ज्यावर आपण अभिमानाने उभे राहून पायडल मारतो, तो कोणाच्या तरी गरिबीने ठरवलेला असतो. त्याच टप्प्यावरून एखादी म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन रोज जात असते आणि त्याला ती ‘चढण’ म्हणते, ‘रूट’ नाही.

मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणीकडे जातानाही असाच एक हिशेब लागतो. पाण्याखाली मावळ्यांची गावे आणि भातखाचरे आहेत. ती वाचवण्यासाठी १९२१मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरण झालेच. आज सायकलवरून दिसणारे ते सुंदर पाणी त्या पराभवाचे आहे.

नकाशा कोणाच्या हातात

नवी वाट शोधायची तर नकाशा लागतो, आणि नकाशाही फार काळ सामान्य माणसाचा नव्हता. लॅम्टनने मद्रासजवळ १८०२मध्ये सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने देशाच्या उंच-सखलपणाला आकडे दिले. पुढे पुण्याचा परिसर ४७ एफ/१४ आणि ४७ एफ/१५ अशा क्रमांकांच्या नकाशांत आला. समोच्च रेषा वाचता येणाऱ्याला त्यांत सगळे दिसते : रेषा दाटल्या की कडा, विरळ झाल्या की पठार. रस्ता त्या रेषांना आडवा छेदत गेला की चढ खडा, आणि त्यांच्या सोबतीने तिरका गेला की सौम्य. परंतु किनारपट्टीलगतच्या मोठ्या पट्ट्याचे नकाशे संरक्षणाच्या कारणाने बराच काळ निर्बंधाखाली होते. ट्रेकर मंडळी एकेका नकाशाच्या छायाप्रती जपून ठेवत. २००५च्या नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी वेगळी मालिका काढली आणि २०२१मध्ये नियम आणखी सैल झाले.

तोवर उत्तर आकाशातून आले होते. फेब्रुवारी २०००मध्ये ‘एंडेव्हर’ यानाने अकरा दिवसांच्या फेरीत रडारने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली. ती माहिती सर्वांना खुली झाली. आज मोबाइलवर रस्ता आखताच खाली चढाचा आलेख उमटतो, त्यामागे असलीच मोजणी आहे. लॅम्टनला ज्याला आयुष्य लागले ते आता दोन बोटांत होते. पण तो आलेख फक्त उंची सांगतो. खिंडीतला शेंदूर लावलेला म्हसोबा, कड्यात कोरलेले पाण्याचे टाके, वळणावरची दगडी संरक्षक भिंत, चुन्यात बांधलेली मोरी या खुणा त्यात नसतात. जुनी वाट ओळखायची तर त्या पाहाव्या लागतात. टाके असेल तिथे ओझ्याची माणसे थांबत होती. वळणाच्या टोकाला रस्ता रुंद आणि सपाट असेल तर तिथे बैलांना दम घेऊ देत. सायकलवाल्याचा पाय त्याच जागी आपोआप जमिनीला टेकतो.

चढ नसलेला रस्ता

आताच्या घाटांचे भवितव्य बोगद्यात आहे. साताऱ्याकडच्या महामार्गाने कात्रजला नवा बोगदा घेतला आणि जुना घाट स्थानिक वाहतुकीला उरला. खंबाटकीला साताऱ्याहून येणारी वाहने बोगद्यातून आणि पुण्याहून जाणारी घाटातून, अशी विभागणी वर्षानुवर्षे राहिली. द्रुतगती मार्गही डोंगराच्या पोटातूनच घाट टाळण्याच्या मागे आहे. यात वाईट काही नाही. ट्रकच्या ब्रेकवर अवलंबून असलेले जीव वाचतात. पण बोगद्याचा रस्ता पायी माणूस, बैल आणि सायकल यांच्यासाठी नसतो. सातवाहनांच्या पायऱ्यांपासून माल्कमच्या गाडीवाटेपर्यंत प्रत्येक घाट जकात घेई, पण पायाला मज्जाव करत नसे.

म्हणून मागे उरलेल्या घाटांचे काय होते याला महत्त्व आहे. वाहतूक गेली की दुरुस्तीचा पैसाही जातो. गटारे बुजतात, पाणी रस्त्यावर येते, भिंत फुगते, आणि एखाद्या पावसाळ्यात वळणच खाली जाते. दुसरीकडे ज्या वाडीच्या रस्त्याला शहरातले लोक ‘नवा’ म्हणून शोधतात, तिथे काही वर्षांत भूखंडांचे फलक येतात आणि टेकडीला आडवे काप बसतात. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. जुलै २०२१मध्ये महाडजवळचे तळिये, जुलै २०२३मध्ये खालापूरजवळची इर्शाळवाडी. प्रत्येक दरडीचे कारण एक नसते. पण मुसळधार पावसाच्या या डोंगरात उताराला हात लावताना बैलाचा दम पाहणारी जुनी मंडळी जेवढी सावध होती, तेवढे यंत्र असत नाही. जेसीबीला दम लागत नाही.

सायकलवाल्यांना या बाबतीत एक स्थान आहे, ते त्यांनी ओळखावे असे वाटते. डोंगराचा चढ अजून स्वतःच्या श्वासाने मोजणारे थोडेच लोक उरले आहेत : वारकरी, धनगर, मोळीवाली आणि रविवारचा सायकलवाला. यांतल्या शेवटच्याकडे कॅमेरा आहे, नकाशा आहे, ग्रामपंचायतीत किंवा बांधकाम खात्यात अर्ज कसा करायचा याची माहिती आहे. कोणती मोरी फुटली, कोणता कडा गेल्या पावसात सरकला, हे त्याच्याइतके नेमाने दुसरे कोणी पाहत नाही. जुने घाट चालण्याच्या, जुंपण्याच्या आणि पायडल मारण्याच्या वाटा म्हणून सार्वजनिक राहावेत, त्यांच्या गटारांची आणि भिंतींची डागडुजी दर पावसाळ्याआधी व्हावी, ही मागणी तो करू शकतो. ती फार खर्चाची नाही.

आणि नवा चढ सापडला, तर माथ्यावर पोहोचल्यावर पहिल्या घरी पाणी मागताना एवढे विचारावे, की हा रस्ता कधी झाला आणि कामावर कोण कोण होते. बहुतेक वेळा विचारलेल्या माणसाची आईच त्या कामावर असते.